कैफियतचा रकाना

बँकेत प्रत्येक कागदाचं वय ठरलेलं असतं. हे पत्र तीन वर्षं ठेवा, ते व्हाउचर आठ वर्षं, अमुक रजिस्टर कायमचं. वय भरलं की यादी करायची, दोघांनी सह्या ठोकायच्या आणि कागद फाडून टाकायचा. किस्स्यांसाठी असं एकही सर्क्युलर नाही. ग्वाल्हेरला लश्करच्या शाखेत वीसेक वर्षं मी रेकॉर्डचं काम बघितलं. फाडलेले कागद विसरून गेले, पण त्यांच्यापायी झालेले तमाशे सगळे डोक्यात गठ्ठे बांधून पडलेत. लोक ऐकून हसतात. मग विचारतात, "दिघे मॅडम, तुम्ही नाही हसत?" नाही हसत. मला राग येतो.

रागाचं कारण मोहिते. आमचे दफ्तरी, म्हणजे रेकॉर्ड रूम सांभाळणारे. आमची छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, त्या गडबडीत मोठ्या बँकेने या माणसाच्या नोकरीतली पहिली नऊ वर्षं हरवली. किल्ली हरवावी तशी हरवली. आणि दिवाळीनंतर मोहिते रिटायर होणार होते. ती नऊ वर्षं धरली तर पेन्शन पूर्ण, नाही धरली तर त्यात हजीरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांचं भाडं आणि औषधं, बस, संपलं.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझी चिडचिड तुम्हाला खामखा वाटेल.

*

मोहिते मूळचे मुरार छावणीचे. घराणं फौजेतलं. वडील फौजेच्या गोदामात होते. "ताई, तिथे फुटका मग फेकायचा तरी लिहून फेकायचे," मोहिते सांगायचे. "कधीचा, कोणाचा, कसा फुटला, सगळं."

तीच सवय घेऊन ते बँकेत आले. फाडलेल्या रेकॉर्डची नोंद ठेवायला एक जाड वही असते, नष्ट रजिस्टर. त्यात एक ओळ लिहायची, अमुक गठ्ठा, अमुक वर्ष, झालं. ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. आमच्या ग्वाल्हेरकडे त्याला कैफियत म्हणतात. दुनिया तो रकाना रिकामा सोडते. मोहिते तो भरायचे. फाडण्याआधी अख्खं रजिस्टर वाचायचे आणि आत काय होतं ते बारीक हिंदी अक्षरात कैफियतमध्ये लिहायचे. जागा संपली की चिठ्ठी जोडायची, डिंकाने चिकटवायची. चिठ्ठ्यांनी ती वही इतकी फुगली की मिटेना. तिच्यावर सुतळी बांधून ठेवावी लागे.

मी ओरडायची. "मोहिते, फाडायचंय ते. परीक्षा नाही द्यायची त्याच्यावर."

"हो ताई," म्हणायचे, आणि परत वाचत बसायचे.

तेव्हा सक्सेना साहेब मॅनेजर होते. भला माणूस, पण सही करताना कागदाकडे बघायची त्यांना मुळी आदतच नाही. एकदा त्यांनी नष्ट रजिस्टरच्या पानभर सह्या केल्या. साक्षीदार म्हणून खाली मी केल्या. संध्याकाळी वही जागेवर ठेवताना सहज नजर गेली. नोंद सतरावी: "चूहा एक, मरा हुआ, ड्राफ्ट की फाइल के पीछे मिला. पूँछ सहित. नाली में डाला." कैफियत: "फाइल सुरक्षित."

खाली मॅनेजरची सही, बँकेचा शिक्का आणि माझी साक्ष.

मी वही घेऊन तरातरा खाली गेले. "मोहिते, उंदीर बँकेचं रेकॉर्ड आहे?"

मोहित्यांनी शांतपणे चष्मा काढला. "ताई, रेकॉर्ड रूममधून बाहेर गेला ना? मग लिहायला नको?"

*

मग मर्जर आलं. एका सोमवारी बोर्ड बदलला आणि मंगळवारी चोप्रा आला. इंटिग्रेशन ऑफिसर. दिल्लीचा, बत्तीस-तेहतीसचा, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात टाय लावणारा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "हमारे यहाँ ऐसा नहीं होता." आणि आम्ही कोण? पाहुणे?

चेकबुक मागणीच्या चिठ्ठ्या आमच्याकडे तीन वर्षं ठेवायचे, त्यांच्याकडे पाच. म्हणजे आम्ही नियमाने फाडलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या नियमाने जिवंत हव्या होत्या. चोप्राने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

मी म्हटलं, "सर, तुमचा नियम आम्हाला मागच्या महिन्यात लागू झाला. चिठ्ठ्या दोन वर्षांपूर्वी फाडल्या. स्वप्न पडायला पाहिजे होतं का आम्हाला?"

"वो ठीक है मैडम, लेकिन फॉर्मेट में 'नष्ट' का ऑप्शन ही नहीं है. 'उपलब्ध' और 'स्कैन', दो ही हैं. आप 'उपलब्ध' लिख दीजिए."

"आणि कोणी मागितल्या तर?"

"तब 'अनुपलब्ध' का लेटर दे देंगे," चोप्रा म्हणाला. "उसका फॉर्मेट है."

आणि खरंच होतं. छापील. "रेकॉर्ड उपलब्ध न होने से इस विषय में कुछ कहना संभव नहीं है." खाली सहीची जागा. आहे म्हणून खोटं लिहायचं, आणि विचारलं तर छापील कागद तोंडावर मारायचा. त्या एका वाक्याने पुढे आमचा किती जीव खाल्ला, ते सांगतेच.

*

मोठ्या बँकेने सह्यांची कार्डं स्कॅन करायचं कंत्राट कोणाला तरी दिलं होतं. स्कॅन झालं की मूळ कार्ड पोत्यात आणि पोतं फाडायला.

आमच्या एक खातेदार होत्या, नव्वदीच्या, सगळं लश्कर त्यांना माईसाहेब म्हणायचं. त्यांची सही मोडीत. लहानपणी घरी मोडीच शिकवली होती, सही तिथेच घट्ट झाली. स्कॅन करणाऱ्यांनी त्या कार्डापुढे लिहिलं, "सही नाही, शाई सांडलेली." माईसाहेब पैसे काढायला आल्या तर कॉम्प्युटर म्हणे, नमुना सही नाही.

चोप्रा बाहेर आला. स्टँप पॅड पुढे सरकवलं. "माताजी, अँगूठा लगा दीजिए, हो जाएगा."

माईसाहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बेटा, मैंने अपना नाम लिखा है. पढ़ना तुझे नहीं आता. अँगूठा तू लगा."

मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं. तेवढ्यात मोहिते आतून आले, हातात माईसाहेबांचं मूळ कार्ड. स्लिपवरच्या सहीशेजारी ठेवलं. वळण न् वळण तेच, फक्त हात आता कापरा.

चोप्रा भडकला. "ये कार्ड तो डिस्ट्रॉय की बोरी में था!"

"था साहब," मोहिते म्हणाले. "पढ़ना बाकी था."

*

आता मोहित्यांची नऊ वर्षं कशी हरवली ते ऐका, आणि माझं ब्लड प्रेशर का वाढलं ते समजून घ्या.

पहिली नऊ वर्षं मोहिते बदली शिपाई होते. म्हणजे पक्के नाहीत, पण रोज हजर. पुढे पक्के झाले, आणि ती बदलीची वर्षं नोकरीत धरायची असं आमच्या जुन्या बँकेने लिहून दिलं. तो कागद त्यांच्या सर्व्हिस फायलीत. मर्जरनंतर हुकूम आला, स्टाफच्या सगळ्या फायली भोपाळच्या झोनल ऑफिसला पाठवा. बारा खोकी भरली. मोहिते आपले कागद-पेन घेऊन बसले, कोणत्या खोक्यात कोणाची फाइल, यादी करायला.

चोप्राने यादी हातातून घेतली. "मोहिते जी, टाइम वेस्ट मत कीजिए. कार्टन एक से बारह, बस. हमारे यहाँ कंटेंट नहीं लिखते."

बारा निघाली, अकरा पोचली. पोचपावतीवर चक्क "कार्टन प्राप्त" लिहिलेलं, किती ते नाही. बाराव्यात काय होतं विचारलं तर कोणालाच माहीत नाही, कारण कंटेंट लिहीत नाहीत ना त्यांच्याकडे! एक-एक नाव जुळवून बघितल्यावर कळलं, मोहित्यांची फाइल त्यातच होती.

मोहित्यांनी अर्ज केला. तीन आठवड्यांनी भोपाळहून उत्तर आलं. कॉम्प्युटरमध्ये तुमची नोकरी पक्के झालात त्या तारखेपासून दिसते. त्याआधीचं म्हणाल तर, "रेकॉर्ड उपलब्ध न होने से इस विषय में कुछ कहना संभव नहीं है." तोच छापील कागद.

मोहित्यांनी तो उभ्या-उभ्या दोनदा वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. मला म्हणाले, "ताई, हे म्हणतात मी नव्हतोच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोकं तुम्ही हरवलं, यादी तुम्ही करू दिली नाही, आणि नव्हता कोण? तो!

*

चोप्राकडे मी सीधी भांडायलाच गेले. तो म्हणाला, कोणा जुन्या सहकाऱ्याचं ॲफिडेव्हिट आणा, हे माझ्यासोबत कामाला होते म्हणून.

जुन्यांपैकी एकच सापडले. रामनिवास, आमचे रिटायर झालेले चौकीदार. काठी टेकत कोर्टात आले, स्टँप पेपरवर लिहून दिलं. मी ते भोपाळला पाठवलं. महिन्याने उत्तर. रामनिवास त्या काळात बँकेत नोकरीला होते, याचा पुरावा जोडा.

रामनिवासची फाइल कुठे? बाराव्या खोक्यात.

रामनिवासना मी हे सांगितलं तर त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "मैडम, हम दोनों नहीं थे तो ताला कौन खोलता था?"

हे मी चोप्राला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "गुड पॉइंट. लेकिन डॉक्यूमेंट चाहिए." मग त्याला सुचलं, हजेरीची रजिस्टरं दाखवा. त्या वर्षांची.

"ती दहा वर्षं ठेवतात," मी म्हटलं. "फाडून जमाना झाला."

"किसने फाड़े?"

मागे दारात मोहिते उभे होते. "मैंने, साहब. सर्कुलर आया था."

चोप्रा चक्क हसला. "वाह मोहिते जी. अपना ही सबूत फाड़ दिया?"

सांगते, त्या दिवशी माझ्या हातात पंचिंग मशीन होतं, आणि मी ते खाली ठेवलं. माझ्या आयुष्यातला एवढा संयम कोणत्याच रजिस्टरमध्ये लिहिलेला नाही.

मोहिते म्हणाले, "साहब, फाड़ने से पहले सब लिखा है. कैफियत में."

"वो रजिस्टर? मोहिते जी, जो चीज़ है ही नहीं, उसकी लिस्ट का क्या करेंगे?" आणि फोन वाजला, तो उठून गेला.

लाज वाटते सांगायला, पण मीही लगेच उठले नाही. मला वाटलं, लिहिलं असेल काहीतरी, पानं शंभर, पुठ्ठा निळा. साक्षीच्या सगळ्या सह्या माझ्याच होत्या त्या वहीत, आणि एक उंदीर सोडला तर मी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं.

*

पुढच्या आठवड्यात फर्मान निघालं, रेकॉर्ड रूम रिकामी करा. तिथे ग्राहकांसाठी लाउंज होणार. सोफा, कॉफीची मशीन, काचेचं दार. आमच्या बँकेची सगळी रजिस्टरं गच्चीवर ढीग करून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाडणारी गाडी येणार.

दुपारी जेवायला बसले आणि एकदम आठवलं. नष्ट रजिस्टर. तेही त्या ढिगात असणार.

मी आणि मोहिते गच्चीवर गेलो. दुपारचे दोन, गच्चीची फरशी चपलेतून भाजत होती. मी अठ्ठावन्नची, मोहिते साठीला टेकलेले, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून गठ्ठे उपसतोय. अर्ध्या तासाने मोहिते म्हणाले, "ताई, सुतळी." खाली दबलेली, फुगलेली, सुतळी बांधलेली तीच वही.

मी तिथेच, उन्हातच उघडली. हजेरीच्या नऊ रजिस्टरांच्या नऊ नोंदी. प्रत्येकीला लांबलचक चिठ्ठी चिकटवलेली. एक वाचली. "हाज़िरी रजिस्टर, एक. नाम ग्यारह." पुढे अकराच्या अकरा नावं, मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत, आणि प्रत्येकापुढे वर्षाचे हजर दिवस. आठव्या नंबरवर रामनिवास, चौकीदार. नवव्यावर, "मोहिते, बदली शिपाई. हाज़िर दो सौ इक्यासी दिन. लेट दो दिन." स्वतःचं उशिरा येणंही लिहून ठेवलं होतं या माणसाने. खाली सक्सेना साहेबांची सही, शिक्का आणि साक्षीदार मी.

मला तिथे रडू आलं. रागाने आलं, असं मी मोहित्यांना सांगितलं.

खाली येऊन वही चोप्राच्या टेबलावर आपटली. धुळीचा लोट उठला, तो टाय झटकत बसला. म्हणाला, ओल्ड बँकेचं रजिस्टर आहे, व्हॅलिड नाही. मी त्याच्याच बँकेचं सर्क्युलर पुढे केलं, शेवटचं पान, शेवटची ओळ: विलीन झालेल्या शाखांची नष्ट रजिस्टरं कायम जपायची. बिचाऱ्याने शेवटचं पान बघितलंच नव्हतं. ती सवय फक्त आमच्या दफ्तऱ्याला.

तो चिठ्ठ्या उलटत राहिला. मग म्हणाला, "मैडम, लिखा तो मोहिते जी ने खुद है. आपने साइन किया. पढ़कर किया था?"

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "बिल्कुल पढ़कर."

खोटं, सरळ खोटं. तेवढ्यात त्याने पान उलटलं आणि त्याचं बोट थांबलं. नोंद सतरावी. त्याने मोठ्याने वाचली, शेपटीसकट.

"ये भी पढ़कर किया था?"

मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "हो. उंदीर मी स्वतः बघितला होता."

*

वहीच्या नऊ पानांच्या प्रती भोपाळला गेल्या. चोप्राने शिफारसही जोडली. का ते त्याचं त्याला माहीत. दिवाळी झाली. मोहित्यांचा शेवटचा आठवडा उरला आणि पत्र आलं. मोहिते वाचत होते, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

पहिला पॅरा: नऊ वर्षं मान्य. पूर्ण पेन्शन मंजूर.

मी ओरडणारच होते, तर खाली दुसरा पॅरा. सादर केलेल्या रजिस्टरवरून असं दिसतं, की सदर कर्मचारी बदली शिपाई असताना एकूण अकरा दिवस उशिरा आला. तरी या उशिराबद्दल सात दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्यावं.

डोक्यावरून पाणी गेलं. माणूस चार दिवसांनी घरी जाणार. उशीर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, आणि तोही त्यानेच लिहिला म्हणून यांना कळला! मी म्हटलं, "मोहिते, बघा तुम्ही, मी उद्याच भोपाळची गाडी पकडते."

"कशाला ताई?" मोहिते म्हणाले. त्यांनी खिशातून एक कागद काढला, घडीवर झिजलेला. तो पहिला छापील कागद. तो समोर ठेवून, चष्मा पुसून, त्यांनी कोऱ्या पानावर सावकाश लिहायला घेतलं. दोनच ओळी.

"संबंधित हाज़िरी रजिस्टर अवधि पूरी होने पर नष्ट किए जा चुके हैं. रेकॉर्ड उपलब्ध न होने से इस विषय में कुछ कहना संभव नहीं है."

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"ताई, साक्षीदार."

या वेळी मी वाचून सही केली.